आजोबा, तुमची वेगळी असते

नातवाच्या लसीसाठी आम्ही पुण्यात कर्वेनगरातल्या एका बालरोगतज्ज्ञांकडे बसलो होतो. भिंतीवर हत्ती आणि जिराफ, कोपऱ्यात एक चाक निखळलेली प्लास्टिकची मोटार, आणि सॅनिटायझरमध्ये दुधाची ओकारी मिसळल्याचा तो ठरलेला वास. आमच्या आधी एक आजोबा होते. पांढरा हातविणीचा स्वेटर, सँडलमध्ये मोजे, मांडीवर नात. आत बोलावल्यावर दार अर्धवट उघडंच राहिलं, त्यामुळे बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. "ही न्यूमोनियाची," असं म्हणत नर्सनं सिरिंज भरली, नात रडली, आणि ते रडणं ओसरायच्या आत आजोबांनी विचारलं, "काय हो डॉक्टर, ही मला नाही का चालायची? दर थंडीत माझीच छाती भरते." आत हशा पिकला. बाकावरचे आईबापही हसले. नर्स म्हणाली, "त्यासाठी पुन्हा बाळ व्हावं लागेल, आजोबा!" डॉक्टर भले गृहस्थ, तेही हसतच म्हणाले, "तुमची वेगळी असते. तुमच्या डॉक्टरांना विचारा," आणि पुढचं नाव पुकारलं गेलं. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते आजोबाच.

वाईट कुणीच वागलं नव्हतं, पण ते हसणं डोक्यातून जाईना. प्रश्न अगदी सरळ होता. ज्याची छाती दर थंडीत भरते त्या माणसानं छातीच्या लसीबद्दल विचारावं, यात विनोद कुठे आहे? आणि उत्तर मिळायच्या आतच आजोबांनी स्वतः हसून तो प्रश्न मागे घेतला, हे तर जास्तच टोचलं. गेल्या थंडीत मामाचं आजारपण जवळून पाहिलं नसतं, तर कदाचित मीही हसून विसरून गेले असते.

मामा एक्क्याऐंशीचा. निगडी प्राधिकरणात तळमजल्यावर घर, दारात पारिजातक, आणि मामी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. त्याची सगळी नोकरी पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाली. हा कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथून पेनिसिलिन निघू लागलं. मामा तिथे लागला तो साठच्या दशकात, फर्मेंटेशनला, म्हणजे मोठ्या टाक्यांत पेनिसिलिनची बुरशी आंबवायच्या खात्यात. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं एच. ए. कॉलनीत जाऊन पडायचो. मामाच्या कपड्यांना एक आंबूस वास असायचा, मामी ते वेगळ्या बादलीत भिजवायची. "एका टाकीत किती माणसं वाचतात माहितीये?" असं तो आम्हाला विचारायचा. आकडा मात्र त्यानं कधी सांगितला नाही. बहुधा त्यालाही माहीत नसावा. पण त्याच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, पेनिसिलिनच्या आधीचं जग ठाऊक होतं. तिचे वडील न्यूमोनियानं गेले होते. अळशीचं पोटीस, ओव्याचा शेक, आणि सातव्या-नवव्या दिवसाची वाट बघणं, एवढंच हातात. घाम फुटून एका रात्रीत ताप उतरला तर माणूस आपला. इस्पितळात पोचलेल्यांतलेही चारांतला एक, तिघांतला एक जायचा. पोराला नोकरी लागल्यावर आजीनं पेढे वाटले, ते पगारासाठी की टाकीतल्या औषधासाठी, हे तिलाच माहीत.

तर हा मामा, आयुष्यभर पेनिसिलिन करून, न्यूमोनियानं आडवा झाला. आणि कुणाला कळलंच नाही. म्हणजे मामीला सोडून.

ताप नव्हता. खोकला होता, पण तो गेली कित्येक वर्षं घरातला एक सभासदच आहे. मामीच्या लक्षात आलं ते वेगळंच. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरची घडीच मोडली नाही. चहात साखर कमी पडल्याची रोजची तक्रार आली नाही. मग जेवण निम्मं झालं, मग स्वेटर उलटा घातला गेला. आणि एका पहाटे तो पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "भोंगा झाला, डबा दे." बंगळूरहून मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आई, वय झालंय त्यांचं, थोडं विसरणारच." शेजारच्या काकूंनी डिमेन्शियाचं निदान केलं. चुलतदीर म्हणाले, थंडीनं होतं असं, आलं घालून काढा द्या. मामीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, अंगावर शाल घेतली आणि रिक्षा बोलावली. मला तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "अगं, भांडत नाहीयेत तीन दिवस. काहीतरी आहे."

पुढे डॉक्टरांनी समजावलं ते असं, की ताप चढवायलाही अंगात जोर लागतो. तरुण माणसाला न्यूमोनिया झाला की हुडहुडी भरते, ताप १०३ वर जातो, छातीत कळ येते, गंजासारखा बेडका पडतो. घर हादरतं आणि धावाधाव होते. म्हाताऱ्या शरीराची प्रतिकारशक्ती इतका गोंगाट करू शकत नाही. तिथे न्यूमोनिया येतो तो अन्न नको म्हणत, बाथरूमच्या दारात तोल जाऊन पडत, अंथरुणात लघवी होत, भलतंच बरळत. आणि यातलं प्रत्येक लक्षण आपण आधीच म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे झालेलो असतो. लपून न राहणारा एकच आकडा असतो, श्वासाचा. शांत बसलेल्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस. मामाचे तिसाच्या वर चालले होते, तेही खुर्चीत स्वस्थ बसलेला असताना. कोविडनं प्रत्येक घरात बोटाला लावायचं ते यंत्र आणून ठेवलंय, मामीकडेही होतं, पण त्यातला सेल संपून पांढरा पडलेला. श्वास मोजायला तसं काहीच लागत नाही. छातीकडे बघायचं आणि घड्याळाकडे बघायचं.

त्यांचे फॅमिली डॉक्टर जुन्या वळणाचे. स्टेथास्कोप लावण्याआधी त्यांनी मामाच्या पाठीवर डावा हात पसरला आणि उजव्या हाताच्या बोटानं वरून खाली ठोकत आले. वर पोकळ आवाज, वर पोकळ आवाज, आणि खाली डावीकडे एकदम ठस्स, भरलेल्या माठासारखा. ही युक्ती १७६१ सालची. आउएनब्रुगर नावाच्या व्हिएन्नातल्या डॉक्टरनं ती लिहून ठेवली; खानावळवाल्याचा मुलगा, दारूचं पिंप किती भरलंय ते ठोकून ओळखायचं हे घरातच पाहिलेलं, असं सांगतात. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांमध्ये पू आणि पाणी भरलं की तो भाग घट्ट होतो, आणि घट्ट गोष्ट वाजत नाही. नंतर एक्स-रे झाला, त्यात डाव्या बाजूला पांढरा 'पॅच' दिसला, पण निदान त्या बोटांनी आधीच केलं होतं. मला ते बघायला का कोण जाणे बरं वाटलं. हल्ली पाठीला हात लावणारे डॉक्टर कमी भेटतात.

दवाखान्यात दाखल करताना तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, आज वार कोणता?" मामा म्हणाला, "फर्स्ट शिफ्ट." तिनं कागदावर काहीतरी लिहिलं. त्यांचा पाच गोष्टींचा हिशेब असतो: गोंधळ आहे का, रक्तातला युरिया वाढलाय का, श्वास तीस किंवा त्याच्या पुढे आहेत का, रक्तदाब घसरलाय का, आणि वय पासष्ट किंवा जास्त आहे का. प्रत्येकाचा एक गुण, आणि इथे जितके गुण जास्त तितका माणूस धोक्यात. मामानं शाळेत कधी मिळवले नसतील इतके मिळवले. मग सलाइन, नाकात प्राणवायू, आणि पिपरॅसिलिनचं इंजेक्शन. दोन-तीन दिवसांनी डोकं जरा ताळ्यावर आलं तेव्हा त्यानं बाटलीवरचं नाव चष्मा लावून वाचलं आणि मला म्हणाला, "सिलिन आहे शेवटी. नात्यातलंच दिसतंय." खरंच नात्यातलं. पेनिसिलिनच्याच घराण्यातली ही पुढची पिढी. जुनं साधं पेनिसिलिन सरसकट का पुरत नाही, याचं उत्तर थोडंफार आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आहे. घसा दुखला, दे अझिथ्रो. सर्दी झाली, दे तेच. तीन गोळ्यांची पट्टी, त्यातल्या दोन खाऊन तिसरी ड्रॉवरमध्ये. अशानं जंतू औषधांना सरावतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी खोकल्याचा नुसता उल्लेख केला, तरी चार जण त्या गोळीचं नाव सुचवतात, आणि त्यातला एकही डॉक्टर नसतो.

वॉर्डातल्या रात्री मी मामीला घरी पाठवून स्वतः थांबायचे. ती जायला तयार नसायची. पेशंटजवळ एकालाच परवानगी, आणि त्या एकाला प्लास्टिकची खुर्ची. प्राणवायूच्या बाटलीतले बुडबुडे, कुठल्यातरी मॉनिटरची कधीच बंद न होणारी टिटवी, पहाटे फिनेलचा वास आणि चहावाल्याची हाक. शेजारच्या खाटेवर मुळशीकडचे एक आजोबा होते. त्यांना व्हेंटिलेटरवर घ्यायचं का, हे विचारायला डॉक्टर आले तेव्हा मुलगी कितीतरी वेळ नुसती कागदाकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार? विल्यम ऑस्लर नावाच्या मोठ्या डॉक्टरनं १८९८ साली न्यूमोनियाला वृद्धांचा मित्र म्हटलं होतं. थोडक्यात आटपणारं, फारसं न छळणारं दुखणं, रेंगाळत क्षीण होण्यातून सोडवणारं. त्या रात्री मला ते आठवलं आणि आधी संताप आला. मग मुळशीच्या आजोबांच्या हातापायांकडे बघून, खोटं कशाला बोलू, क्षणभर पटलंही. स्वतः ऑस्लर १९१९ च्या डिसेंबरात, सत्तरीत, छातीच्या याच दुखण्यानं गेला, आणि ते झटपट झालं नाही. महिनोन्‌महिने नसलं तरी आठवडेच्या आठवडे चाललं, फुप्फुसाभोवती पू झाला, शस्त्रक्रिया करावी लागली. मित्र असा वागत नाही. मुळशीच्या आजोबांना शेवटी नळी घातली नाही. ते वाचले. तसं का, हे डॉक्टरांनाही नीटसं सांगता आलं नाही.

मामाला घरी सोडलं त्या दिवशी सगळ्यांचे फोन आले, सुटलो बाबा एकदाचे. सुटला होता मुलगा, सुटले होते चुलतदीर. मामीचं काम त्या दिवशी सुरू झालं. पलंगावर पडून राहिलेल्या म्हाताऱ्या पायांचं काय होतं हे मी तोवर पाहिलं नव्हतं. धडधाकट वृद्धांना प्रयोगापुरतं दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं जवळजवळ किलोभर मांस झडलं, असा एक अभ्यास आहे. मामा तर आजारी होता. मांड्या पायजम्यात हरवल्या. संडासापर्यंतची चार पावलं म्हणजे मोहीम. फुंकून, खरं तर श्वास ओढून, वर उचलायच्या तीन चेंडूंचं ते खेळणं दिवसातून पाचसहा वेळा. पहिले कित्येक दिवस एकच चेंडू हलायचा आणि मामा नर्सरीतल्या पोरासारखा रुसायचा. ब्युरोतून एक मावशी ठेवल्या, बारा तासांच्या. त्या भल्या होत्या, पण रात्रीचे बारा तास मामीचेच. तिची साखर वाढली, गुडघा सुजला, रक्त तपासायची तारीख दोनदा हुकली. विमा कंपनीनं खाटेचे, इंजेक्शनांचे पैसे दिले. डायपर, मावशी, फिजिओथेरपिस्ट, प्रोटीनची पावडर, रिक्षा, यांची बिलं कुणी मागत नाही. आणि मामीच्या रात्रींची पावती तरी कुठून आणायची? त्यातच डॉक्टरांनी बजावलं होतं, की न्यूमोनियानंतर हृदयाचा झटका, पक्षाघात यांचा धोका वाढलेला असतो, पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त. त्यामुळे रात्री मामा जरा वेगळा घोरला तरी ती उठून बसायची.

बरं, हा जंतू आला कुठून? आपण थंडी, धूळ, बिल्डिंगच्या वॉचमननं पेटवलेली शेकोटी असं बाहेर शोधत बसतो. पुष्कळदा तो आपल्याच नाका-घशात बिऱ्हाड करून असतो आणि गिळण्यातल्या एका चुकीसरशी खाली उतरतो. म्हातारपणी गिळण्याची लय चुकते. मामा आरामखुर्चीत रेलून चहा प्यायचा, घोट तोंडात असताना बोलायचा, ठसका लागायचा, आपण पाठ चोळायचो आणि विसरायचो. शिवाय तो रात्री कवळी काढत नसे. बायकोसमोर बोळकं दिसायला नको, लग्नाला पंचावन्न वर्षं होऊनही! जपानमध्ये पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांवर झालेल्या एका अभ्यासात कवळी लावून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "एवढं जपानला कशाला जायचं होतं?" आता रात्री कवळी वाटीत आणि वाटीवर झाकण असतं, अर्थात दिवा मालवल्यावरच.

कर्वेनगरच्या त्या दवाखान्यातलं हसणं मला म्हणून बोचलं. न्यूमोनिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोस्टरवरचं बाळ येतं, आणि ते चूक नाही. पण २०२१ साली खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गांनी (न्यूमोनिया त्यांतलाच) जगात जे सुमारे बावीस लाख मृत्यू झाले, त्यांत पाच वर्षांखालची मुलं साधारण पाच लाख होती. मुलांचे मृत्यू घटलेत, त्याला लसीही कारण आहेत. त्यातली एक तर आपल्या हडपसरची. सिरम इन्स्टिट्यूटनं न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूच्या दहा प्रकारांवरची स्वस्त लस केली, तिला २०१९ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. आणि २०२१ पासून न्यूमोकॉकसची लस सरकारी कार्यक्रमात देशभर बाळांना फुकट मिळते. पिंपरीत पेनिसिलिन, हडपसरला लस, आणि मधल्या पेठांत, कोथरुडात, सहकारनगरात शाल गुंडाळून बसलेले हजारो आजी-आजोबा. त्यांच्यासाठीची लस औषधाच्या दुकानात आहे, स्वतःच्या पैशानं, काही हजारांत. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत पंचेचाळिशीच्या पुढच्या भारतीयांत ती घेतलेले शंभरात एकही भरले नाहीत.

लस म्हणजे कवचकुंडलं नव्हेत, हेही खरं. न्यूमोकॉकसचेच शंभराहून जास्त प्रकार, शिवाय बाकीचे जंतू वेगळे. नेदरलँड्समध्ये पासष्टीच्या पुढच्या जवळपास पंच्याऐंशी हजार लोकांवर मोठी चाचणी झाली. लशीत असलेल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४६ टक्क्यांनी घटला, पण सगळ्या कारणांचा मिळून न्यूमोनिया फारसा हलला नाही. उलट मला गंमत वाटली ती दुसऱ्या गोष्टीची. अमेरिकेत २००० साली बाळांना न्यूमोकॉकसची लस सुरू झाल्यावर तिच्यातल्या प्रकारांचे गंभीर आजार म्हाताऱ्यांतही कमी झाले. नातवंडांच्या नाकातला जंतू कमी झाला, तसा आजी-आजोबांकडे येणाराही कमी झाला. म्हणजे कर्वेनगरच्या त्या आजोबांनी नातीला मांडीवर घेऊन रडवलं, त्यात त्यांचाही थोडा फायदा होता. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं. मलाही तेव्हा सुचलं नाही.

मामाच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी "घ्या की, दोघांनीही," असं इतक्या सहज सांगितलं की मामा चिडला, मग आधी का नाही बोललात म्हणून. डॉक्टर म्हणाले, विचारतं कोण? मामी म्हणाली, "मला कशाला? मला काय झालंय?" आणि हसली. शहात्तर वय, मधुमेह, चार महिन्यांची जागरणं, आणि मला काय झालंय. मामानं किंमत विचारली, कोणत्या कंपनीची, किती प्रकारांवरची, आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत लस थंड ठेवायची साखळी कोण सांभाळतं तेही विचारलं. कारखान्यातला माणूस. दोघांची मिळून काही सूट आहे का, हे विचारायचं मात्र मी त्याला हाताला धरून थांबवलं.

मामीचा दंड दोन दिवस ठणकला. त्या निमित्तानं तिनं पोळ्या लाटल्या नाहीत, डबा मागवला, आणि मीही आयती जेवायला बसले. डब्यातली शेवभाजी मामाला तिखट लागली. डबेवाल्याचं काय काय चुकलं हे तो भरल्या तोंडानं सविस्तर सांगायला लागला आणि मध्येच ठसका लागला. मामीनं दुखऱ्या हातानंच त्याची हनुवटी खाली दाबली.

"गिळा आधी. डबेवाला उद्याही येणारे, त्याला तेव्हा काय ते सांगा."